बंदूक जमा, सोमा हजर

वळ, ता. भिवंडी
दि. १८ ऑक्टोबर २०२४

प्रिय मिलिंद यास,
सप्रेम जय भीम, वि. वि.

इकडे मी, तुझी बहीण मीरा आणि माझा डावा कान असे सगळे खुशाल आहोत. उजवा कान तुला माहीतच आहे, तो आपल्या पलटणीच्या मॉर्टर तोफेच्या धडाक्यानं कधीच खाल्ला. म्हणून तर फोनचा नाद सोडला. तू मंडणगडच्या डोंगरावर रेंज शोधायला तुझा लाकडी पाय घेऊन आंब्याखाली उभा राहणार, मी इकडे काय काय म्हणून बोंबलणार, आणि शेजारच्या कमळवहिनी मीराला विचारणार की भावाशी ह्यांचं वाजलं काय. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात मला सगळं ऐकू येतं.

बातमी अशी की निवडणूक लागली आणि माझी बंदूक आत गेली. आचारसंहिता आली की परवान्याची बंदूक पोलीस स्टेशनात जमा करावी लागते. तुला हसू येईल, पण आमच्या भागातल्या माजी सैनिकांचा खरा मेळावा तोच. सरकारी मेळाव्याला आम्हाला सुट्टी मिळत नाही, कारण आम्ही सगळे कुठल्या ना कुठल्या गोडाऊनच्या गेटवर ड्युटीला. पण बंदूक जमा करायची म्हटली की मालकाला सुट्टी द्यावीच लागते. वळ, पूर्णा, दापोडे, सगळीकडचे म्हातारे चादरीत गुंडाळलेल्या बंदुका काखेत मारून हजर. पूर्ण्याचे सुभेदार तरे आले आणि कोणी न सांगता आमची रांग हुद्द्याप्रमाणे लागली. एक शिपाई बसला होता दप्तराला, तो म्हणाला की बाबांनो, आधी आला तो पुढे, इथं काय परेड आहे काय. सुभेदारांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं उठून खुर्ची दिली.

आता अडचण ऐक. रिटायर झालो तेव्हा ही दुनळी बंदूक मी हौसेनं नाही घेतली. गोडाऊनवाल्यांच्या जाहिरातीच तशा असतात, माजी सैनिक पाहिजे, स्वतःची बंदूक व लायसनसह. मला वर्षानुवर्षं वाटत आलं की त्यात मुख्य मी आहे. परवा बंदूक जमा करून गेटवर गेलो तर दीपेशनं मला बाहेरच थांबवलं. दीपेश म्हणजे रामनाथशेठचा मुलगा, गोडाऊन तोच चालवतो. तो म्हणाला की सोमाकाका, ज्या कंपनीचा माल आत आहे तिची अटच आहे, गेटवर बंदूकवाला पाहिजे. बंदूक नसेल तर तुमची ड्युटी मी कशी लावू? वाईट नाही पोरगा. म्हणाला, काहीतरी जुगाड करतो, उद्या या.

त्याचा बाप रामनाथ आणि मी वळच्या शाळेत एका बाकावर बसायचो. त्यांच्या भाताच्या खाचरावर आता हे गोडाऊन उभं आहे आणि शेठ राहायला ठाण्याला. काळ्या काचेच्या गाडीतून येतो. मी गेट उघडतो, सॅल्यूट ठोकतो, काच काही खाली येत नाही. मोठा झालाय, ओळख दाखवत नाही. मीही दाखवत नाही. गळ्यात पडायला जायची मला सवय नाही.

भाकरीला तोटा नाही रे, पेन्शन येते. पण घरी बसलो की मीरा मला मेथी निवडायला बसवते आणि मी निवडलेली मेथी ती परत निवडते. गेटवर उभा असलो की मी कोणीतरी असतो. तेवढं जाऊ नये, एवढंच वाटतं.

बकऱ्यांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो निवडणुकीपुरता जमा करू नये ही विनंती.

तुझा,
सोमा


मंडणगड
दि. २६ ऑक्टोबर २०२४

प्रिय सोमा यास,
क्रांतिकारी जय भीम, वि. वि.

पत्र पोचलं. बंदूक अटकेत गेल्याचं वाचून दुःख झालं, जामीन मिळाला की कळव.

माझं बरं चाललंय. बकऱ्या वाढल्या. एका बोकडाचं नाव मी पलटणीच्या मोठ्या साहेबांवरून सीओ साहेब ठेवलंय, कारण तो काही करत नाही आणि तो निघाला की बाकीच्या वाट सोडतात. थंडी पडायला लागली तशा मी पेटीतल्या शाली काढल्या. आजवर माझा जिथं जिथं सत्कार झाला तिथल्या सगळ्या शाली मी बकऱ्यांच्या अंगावर बांधतो. सकाळी गोठ्यात गेलं की वाटतं, सगळ्या जणी भाषणाला उठणार आता.

पण तू गेटवर कोणीतरी असतोस म्हणालास, त्यावर मला माझी घरवापसी आठवली. तू तेव्हा पलटणीतच होतास, म्हणून सांगतो. अर्धा पाय सरकारजमा करून मी गावी आलो, तर एसटी स्टँडवर ही गर्दी. मला हारतुरे घालून वीटभट्टीच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं आणि मिरवणूक काढली. आता गावातल्या पोरांना सैनिकासाठी घोषणा एकच येत होती. नाईक मिलिंद, अमर रहे! मी वरून हात हलवतोय आणि खालून हे अमर रहे, अमर रहे. एक म्हातारी तर माझ्याकडे बघून पदर डोळ्याला लावत होती, मी तिला हसून दाखवलं तर घाबरलीच. शेवटी आमच्या आईनं ट्रॉलीवर चढून पुढच्या पोराच्या तोंडावर हात दाबला आणि सांगितलं की मेल्या, जिवंत हाय तो.

पुढे काय झालं ते अजून भारी. घरापर्यंत आणलं, भाषणं झाली, पुढारी मंडळींना दुसरीकडे उद्घाटन होतं म्हणून सगळे निघून गेले. मी ट्रॉलीतच. माझ्या कुबड्या सरपंचाच्या जीपमध्ये राहिल्या होत्या आणि मला खाली कसं उतरवायचं ह्याचा विचारच कोणी केला नव्हता. गळ्यात हार घालून मी आपला बसलोय, आणि ट्रॅक्टरवाला घड्याळ बघतोय, कारण त्याला विटा भरायला जायचं होतं. मीरा वळवरून आली होती, तिनं आणि त्या ट्रॅक्टरवाल्यानं मला धरून उतरवलं. दुसऱ्या दिवसापासून मी गावात होतो की नव्हतो हे कोणाला माहीत नव्हतं.

तर मुद्दा असा, की लोकांना सैनिक पाहिजे असतो, पण तो दाखवायला. दीपेश जुगाड करणार म्हणतो, तो नीट बघून घे. आपली खोड तुला माहीत आहे. वरून हुकूम आला की आपण आधी जी साब म्हणतो आणि मग काय म्हणाले ते ऐकतो.

मीराला अ. उ. आ. प्रेम आहे तसं राहू दे, वाढवायची घाई नको, खर्च वाढतो.

तुझा मेहुणा,
मिलिंद


वळ
दि. ३ नोव्हेंबर २०२४

प्रिय मिलिंद,
सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच मी जी साब म्हणून बसलो होतो.

दीपेशचा जुगाड म्हणजे लाकडाची बंदूक. हसू नकोस. हस, मीही हसलो. शाळेनं पंधरा ऑगस्टच्या चित्ररथासाठी सुताराकडून करून घेतली होती, ती त्यानं मागून आणली आणि तिला काळा जपान रंग मारला. मला म्हणाला की काका, लांबून कोणाला कळतंय, निकाल लागेपर्यंत निभवून न्या, तुमचीच ड्युटी वाचवतोय मी. रंग अजून ओला होता. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझा खांदा, हात आणि अर्धा गाल काळा. मीरानं विचारलं की गेटवर उभे होता की गॅरेजात.

तर आता हवालदार सोमा, ज्यानं बर्फात रायफल छातीशी धरून झोप काढली, तो शाळेच्या चित्ररथाची बंदूक घेऊन वळच्या गेटवर पहारा देतोय. आपले ट्रेनिंगचे उस्ताद असते तर मला त्या बंदुकीनंच झोडपलं असतं.

मग मला चेव आला. म्हटलं बघू तरी, कोणाला किती कळतंय. एक दिवस बंदूक उलट्या खांद्यावर घेतली. कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी नळीचं तोंड खाली. कोणी नाही. मग नळीला जेवणाचा डबा अडकवला आणि तसाच उभा राहिलो. कंटेनरवाले येतायत, नमस्ते फौजीभाई म्हणतायत, पुढे जातायत. एकानं तर डबा बघून विचारलं की आज क्या सब्जी है. बंदुकीबद्दल अवाक्षर नाही. परवा त्या मालवाल्या कंपनीचे तपासणीचे साहेब आले. त्यांनी माझा बंदुकीसकट फोटो काढला, मान डोलावली आणि म्हणाले की सिक्युरिटी व्हेरी गुड. मी जय हिंद म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

काल रामनाथची गाडी आली. आणि आश्चर्य म्हणजे काच दोन बोटं खाली झाली. म्हटलं आता नाव घेणार. आतून आवाज आला की बंदुकीला तेल देत जा रे, गंजेल. काच वर. गाडी आत.

लाकडाला तेल दे म्हणाला, मिलिंद! मी गेट लावलं आणि एकटाच खो खो हसलो. मग हसू थांबलं, आणि जे वाटलं ते तुलाच लिहितो, मीराला सांगू नकोस. बंदूक लाकडाची आहे हे कोणाला कळलं नाही, ह्याचं मला काही नाही. पण मग तिच्यामागे उभा आहे तो तरी खरा आहे, हे कोणाला कळत असेल काय? मला फार वाईट वाटलं. सीमेवर निदान समोरचा शत्रू तरी आपल्याकडे नीट निरखून बघायचा.

असो. निकाल तेवीसला आहे. बंदूक सुटली की सगळं पूर्ववत होईल. सीओ साहेबांना सॅल्यूट सांग. माझ्यावर जीव आहे तो तसाच राहो, तेल द्यायची गरज नाही.

तुझा,
सोमा


वळ
दि. १२ नोव्हेंबर २०२४

आदरणीय दादास,
मीराचा शि. सा. न. व जय भीम, वि. वि.

ह्यांनी तुला सगळं हसत हसत लिवलं असंल. घरात कोण हसत न्हाय रे. म्हणून मी लिवते. माझं अक्षर गोड मानून घे.

ती मेली लाकडी बंदूक हे रोज घरी आणायचे. गेटवर ठेवली तर कोणी हात लावून बघंल आणि कळंल म्हणून. आणायचे ते पण चादरीत गुंडाळून, खऱ्यासारखी, आणि खाटेखाली सारायचे. मी विचारलं की हिला चोर नेणार हाय काय, तर गुरकावले. गेले पंधरा दिवस जेवताना बोलणं न्हाय. मी मेथी निवडायला दिली तर गुपचूप निवडली, आणि चांगली निवडली. तेव्हाच मी ताडलं, काय तरी बिघडलंय.

मग आपली सोनल माहेरपणाला आली. पोरीनं झाडताना खाटेखालून ते काढलं आणि बापाला विचारलं की बाबा, गावात कुठलं नाटक बसवलंय. हे म्हणाले, माझंच. पोरगी हसायला लागली आणि बापाचं तोंड बघून मधीच थांबली. नंतर चुलीपाशी येऊन रडली. मला म्हणाली की आई, माझे बाबा असे कधीपासून झाले.

दादा, मी काय केलं ते सांगते, रागावू नको. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात ह्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायला घातलं आणि ती बंदूक चुलीत सारली. जळता जळंना, मग कोयत्यानं दोन तुकडे केले. जपान रंगाचा वास असा सुटला की कमळवहिनी बघायला आल्या. ह्यांनी आंघोळ केली आणि बाहेर येऊन म्हणाले की आज पाणी मस्त तापलंय. मी म्हटलं, तापणारच, शाळेची बंदूक व्हती. टॉवेलावर उंबऱ्यात बसले. मग विचारलं, दस्ता पण जळला काय. मी म्हटलं, दस्ताच चांगला पेटला.

माझ्यावर हात उगारला न्हाय की टाकून बोलले न्हाय. कपडे केले आणि रिकाम्या हातानं ड्युटीला गेले. दीपेशनं परत पाठवलं. म्हणाला की काका, खरी बंदूक सुटली की घेऊन या, न्हायतर मला दुसरा बंदूकवाला बघावा लागंल. आता हे घरी बसून निकालाची वाट बघतात. कोण निवडून येतंय ह्याच्याशी काय घेणं न्हाय, बंदूक कधी सुटते तेवढंच.

दादा, मला ती बंदूक परत यायला नको. भीती बंदुकीची न्हाय. भीती ही हाय की ते परत तिच्या आडोशाला उभे ऱ्हातील आणि मग तिच्यामागं आपण हाय की न्हाय हे त्यांना सोताला पण कळणार न्हाय. गेट सुटलं तर ते खचतील हे पण मला दिसतंय. माझी मती चालंना. तू चार शब्द लिव. माझं बोलणं ते उजव्या कानानं ऐकतात.

वहिनीच्या फोटोला माझं फूल वाहा. धाकटी हाय, चुकले असंल तर पदरात घे.

तुझी,
मीरा


मंडणगड
दि. १८ नोव्हेंबर २०२४

प्रिय सोमा यास,
क्रांतिकारी जय भीम, वि. वि.

मीराचं पत्र आलं. बंदुकीवर आंघोळ केलीस हे वाचून मी इतका हसलो की लाकडी पायाचा पट्टा सुटला आणि मी बकऱ्यांच्यात पडलो. सीओ साहेब बघत उभे राहिले, मदतीला आले नाहीत. नाव बरोबर ठेवलंय.

आता थोडं गंभीर लिहितो, मग परत चेष्टा.

रायफलीबद्दल उस्ताद काय सांगायचे ते तुला पाठ आहे. घरवाली गेली तर दुसरी मिळेल, रायफल गेली तर इज्जत गेली. त्या सकाळी उतारावर सुरुंगावर माझा पाय पडला, तेव्हा सगळे जागच्या जागी थांबले. कायद्यानं तेच बरोबर होतं, पुढे आणखी किती पेरलेत कोणाला माहीत. मी पडल्या पडल्या बघत होतो. तू रायफल खांद्यावरून काढलीस, वाटेवर ठेवलीस, आणि माझ्या पावलांच्या खुणांवर पाय ठेवत रिकाम्या हातानं आलास. दोन्ही उचलणं जमण्यासारखं नव्हतं. मी काही हलका नव्हतो, आणि वाटभर तू मला शिव्या देत होतास की लंगरमधलं सगळं तूप ह्यानंच खाल्लं. रायफल का सोडली म्हणून नंतर तुझी चौकशी झाली आणि नायब सुभेदारी हुकली ती हुकलीच. घरी कोणी विचारलं की तू सांगायचास, नशीब. मला कधी ऐकवलं नाहीस.

मी तुझे आभार कधी मानले नाहीत, कारण वाटेत तू मला दोनदा आपटलंस आणि माझा राग गेला नव्हता. आज मानतो. सोमा, तू नसतास तर ती पोरं अमर रहे म्हणाली ते बरोबर ठरलं असतं.

तर माझं म्हणणं एवढंच. माझ्याकडे जो आला होता त्याच्या हातात काही नव्हतं. बंदूकवाल्याची मी वाट बघितली असती तर अजून तिथंच असतो. दुनळी आणायची की नाही ते तू ठरव, मीराचं भय आणि तुझं भय दोन्ही मला कळतं. पण गेटवर जाशील तेव्हा कोण आलंय ते त्यांना दिसू दे. एवढं माझं ऐक, डाव्या कानानं.

संपलं गंभीर. एक शाल तुझ्यासाठी राखून ठेवलीय, बकरीनं थोडी चावली आहे. आठवण काढत राहावी, पत्र आलं नाही तर बोकडाला पाठवीन.

तुझा,
मिलिंद


वळ
दि. ३० नोव्हेंबर २०२४

प्रिय मिलिंद,
सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझं पत्र मी वाचलं, मीरानं वाचलं, सोनलनं फोनवर वाचून घेतलं, आणि आता मायलेकी माझ्याशी असं वागतात की जेवण जात नाही. मीरा तर दोन दिवस माझ्याशी गोड बोलतेय. तू हे काय करून ठेवलंस? आणि मी तुला दोनदा आपटलं नाही, एकदाच आपटलं. दुसऱ्या वेळी तूच सुटलास.

काल बंदुका परत द्यायचा दिवस. पुन्हा आमचा मेळावा. रांगेत उभं राहून गप्पा निघाल्या आणि मी लाकडी बंदुकीची गोष्ट काढली. म्हटलं, होऊन जाऊ दे, हसतील ते हसतील. आधी कोणी हसलं नाही. मग दापोड्याचा काशिनाथ हळूच म्हणाला की मला पडद्याचा पाईप दिला होता, काळ्या पिशवीत घालून. त्याच्यानंतर सुभेदार तरे खाकरले. त्यांच्या हातात मालकानं लांब दांड्याची छत्री दिली होती. नोव्हेंबरात! सुभेदार म्हणाले की एका साहेबानं विचारलंसुद्धा, पावसाची शक्यता आहे काय. आणि मिलिंद, मग जो हशा उसळला! सगळे म्हातारे पोलीस स्टेशनच्या पायऱ्यांवर पोट धरून बसले. आतून साहेब बाहेर आले की काय झालं म्हणून. इतके दिवस प्रत्येकाला वाटत होतं की ही लाज आपल्या एकट्याची आहे.

माझा नंबर आला. शिपायानं विचारलं, बंदुकीचा नंबर सांगा. मी धाडकन सांगितला. तो शोधतोय, शोधतोय, सापडेना. म्हणाला की बाबा, असा नंबर इथं नाहीच. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी दुनळीचा नाही, पलटणीतल्या माझ्या रायफलीचा नंबर सांगितला होता. तीच, वाटेवर ठेवलेली. मी तसं मोठ्यानं सांगितलं. मग सुभेदारांनी आपल्या रायफलीचा नंबर म्हटला. काशिनाथनं त्याचा म्हटला. रांगेतून एकेक जण म्हणत गेला. शिपाई बिचारा पेन हातात धरून ह्याच्या तोंडाकडे त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

मी त्याला म्हटलं, माझी दुनळी राहू दे तुमच्याकडेच. मला परत नको, काय अर्ज लागतो तो द्या. तो म्हणाला की बाबा, आमच्याकडे जागा नाही, लोक बंदुका घ्यायला भांडतात आणि तुम्ही ठेवायला. सुभेदारांनी अर्ज सांगितला, मी लिहिला. बाकीच्यांनी आपापल्या बंदुका घेतल्या. मी कोणाला दोष देत नाही, ज्याचं त्याला माहीत. काशिनाथ मात्र माझ्याबरोबर चहा पीत बराच वेळ बसला आणि बंदूक मांडीवर घेऊन नुसताच तिच्याकडे बघत होता.

तिथून मी गोडाऊनला गेलो. मीरानं इस्त्री केलेला पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी नाही, हात मोकळे. पिशवीत गार्डचा गणवेश धुऊन घडी करून. दीपेशला सांगितलं की बंदूक हवी असेल तर ती पोलीस स्टेशनात आहे, माणूस पाहिजे असेल तर मी इथं आहे. पोराला घाम फुटला. म्हणाला की काका, मला तुम्हीच पाहिजे, पण कंपनी ऐकणार नाही, अट म्हणजे अट. मी म्हटलं, माहीत आहे रे, तुझ्यावर राग नाही. गणवेश टेबलावर ठेवला. खोटं कशाला सांगू, गेट सोडवत नव्हतं. एवढी वर्षं त्या गेटची बिजागरीसुद्धा माझ्या ओळखीची.

दीपेश मला सोडायला गेटपर्यंत आला. बाहेर एक कंटेनर आडवा लागला होता आणि त्याच्यामागे रामनाथची काळ्या काचेची गाडी अडकली होती. शेठ वैतागून उतरले आणि चालतच निघाले. आम्ही गेटात समोरासमोर आलो. मी बाजूला झालो नाही आणि सॅल्यूटही ठोकला नाही. त्यानं मला खालवर बघितलं आणि विचारलं, कोण पाहिजे?

मी म्हटलं, रामनाथ, मी सोमा. वळच्या शाळेत तुझ्या बाकावर बसायचो तो.

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणि मग भर रस्त्यात कंटेनरवाल्यांसमोर मला मिठी मारली. अरे सोम्या, अरे सोम्या करायला लागला. म्हणाला की तू मिलिट्रीत गेलास एवढंच माहीत होतं, मला वाटलं मोठा झाला, आपल्याला विसरला. मिलिंद, त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं त्या काचेला सॅल्यूट ठोकून मनात शिव्या देत होतो की शेठ ओळख दाखवत नाही, आणि त्यानं काचेतून आजवर फक्त बंदूकच बघितली होती. दीपेश शेजारी उभा होता, त्यानं मान खाली घातली. मला हसू येत होतं आणि डोळ्यात पाणीही येत होतं, दोन्ही एकदम.

रामनाथनं माझे दोन्ही हात हातात धरले आणि विचारलं, फौजेतून कधी आलास?

मी म्हटलं, आजच आलो.

मीराचा तुला नमस्कार. जीव लावलास तो तसाच लावून ठेव.

तुझा,
सोमा